प्रकाशाचे अभ्यासक आणि पदाची उमेदवारी



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी बसवकल्याणच्या मराठी मुलांना विज्ञान शिकविले. आरसा, भिंग आणि लोलक एवढ्या साहित्यावर त्यांनी प्रकाशाचे प्रकरण आमच्या मनात कायमचे उतरविले. म्हणून आजचा विषय प्रकाशाशी संबंधित असावा हे मी ठरविले होते. मात्र प्रकाशाच्या नियमांविषयी मी फारसे बोलणार नाही. प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या माणसांनी आपल्या व्यावसायिक संस्थेचे नेतृत्व मागावे काय, मागितले तर कशासाठी आणि कोणत्या रीतीने, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु लेसर आता आपल्याही गावात नांदतो आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर भिंगामागचा पडदा धूसर झाला, तर डॉक्टर लेसरने त्याला वाट पाडतात. दुकानात वस्तूवरच्या काळ्या रेघा वाचणारा लाल किरण लेसरचा असतो. दूरध्वनीवरचा आपला आवाज काचेच्या तंतूंतून लेसरच्या प्रकाशावर बसूनच परगावी जातो. ज्या विद्येने आपल्या जीवनात एवढा प्रवेश केला आहे, तिचा कारभार कोण पाहतो, हे जाणून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.

विद्येचा कारभार विद्यापीठे आणि सरकारे पाहतात हे खरे. पण त्यांच्या जोडीला अभ्यासकांनी स्वतः उभारलेल्या संस्थाही असतात. अमेरिकेतील ऑप्टिकल सोसायटी १९१६ साली रॉचेस्टर या शहरात स्थापन झाली आणि पर्ली नटिंग हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. २०२१ साली तिने ऑप्टिका हे नाव धारण केले. दुसरी मोठी संस्था एसपीआयई. ती १९५५ साली कॅलिफोर्नियात, छायाचित्रणाच्या उपकरणांवर काम करणाऱ्या अभियंत्यांनी काढली. आपल्या देशात ऑप्टिकल सोसायटी ऑफ इंडिया १९६५ साली कोलकात्यात उभी राहिली. नियतकालिके चालविणे, परिषदा भरविणे, विद्यार्थ्यांना प्रवासखर्च व शिष्यवृत्त्या देणे, सन्मानासाठी योग्य माणसे निवडणे आणि शासनापुढे आपल्या विद्येची बाजू मांडणे, ही अशा संस्थांची कामे होत. कोणाचे संशोधन जगापुढे येते आणि कोणाचे टेबलाच्या खणात पडून राहते, हे पुष्कळ अंशी या कामांवर ठरते.

याचा एक दाखला लेसरच्या जन्मकथेतच आहे. १६ मे १९६० रोजी थिओडोर मैमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण मिळविला. त्यांनी त्याचा वृत्तांत 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या पत्रिकेकडे पाठविला आणि तो नाकारला गेला. पुढे ऑगस्ट १९६० मध्ये इंग्लंडच्या 'नेचर'ने तो छापला. शतकातील एका महान शोधाला स्वतःच्या देशातील विद्वत्संस्थेच्या दारातून परत फिरावे लागले. दार उघडणारी माणसे कोण आहेत, याला किती महत्त्व असते, हे यावरून ध्यानी येईल.

आता एका अभ्यासिकेची हकीकत सांगतो. तिचे पहिले शिक्षण आपल्या शेजारच्या मुंबईत झाले, म्हणून ती मला विशेष जवळची वाटते. डॉ. अनिता महादेवन-जॅन्सन यांनी मुंबई विद्यापीठातून पदार्थविज्ञानात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. केले. पुढे अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जैववैद्यकीय अभियांत्रिकीची पीएच.डी. मिळवून त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात अध्यापन व संशोधन करू लागल्या. लेसरचा प्रकाश शरीरातील पेशींवर टाकून, परत येणाऱ्या प्रकाशावरून त्या पेशींची प्रकृती ओळखणे, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा. ज्या रामन परिणामाच्या स्मरणार्थ आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, त्याच परिणामाचा उपयोग त्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वचिन्हे ओळखण्यासाठी केला.

त्यांच्या एका शोधाचे थोडे स्पष्टीकरण करतो. आपल्या गळ्यात अवटू ग्रंथीच्या मागे परावटू नावाच्या, तांदळाच्या किंवा डाळीच्या दाण्याएवढ्या साधारण चार ग्रंथी असतात. त्या शरीरातील कॅल्शियमचे प्रमाण सांभाळतात. गळ्याच्या शस्त्रक्रियेत त्या डोळ्यांना सहज ओळखू येत नाहीत, आणि चुकून दुखावल्या तर रोग्याला पुढे दीर्घकाळ त्रास भोगावा लागतो. डॉ. महादेवन-जॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की तांबड्या रंगापलीकडील ७८५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर टाकला असता या ग्रंथी कोणतेही औषध न टोचता स्वतःच उजळतात, आणि सभोवतालच्या भागाहून अधिक उजळतात. हा निबंध २०११ साली 'जर्नल ऑफ बायोमेडिकल ऑप्टिक्स'मध्ये आला. त्या संशोधनातून घडलेल्या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली मान्यता दिली.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. ज्या पत्रिकेत हा निबंध आला, ती एसपीआयई या संस्थेची. भौतिकशास्त्रज्ञ आणि शल्यवैद्य या दोघांनाही वाचता येईल अशी जागा त्या संस्थेने आधी निर्माण करून ठेवली होती, म्हणून तो शोध योग्य वाचकांपर्यंत पोहोचला. पुढे याच संस्थेच्या नेतृत्वासाठी डॉ. महादेवन-जॅन्सन उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. सभासदांनी २०१९ च्या निवडणुकीत त्यांना उपाध्यक्षपदी निवडले. २०२० मध्ये त्या उपाध्यक्ष, २०२१ मध्ये नियोजित अध्यक्ष आणि २०२२ मध्ये अध्यक्ष झाल्या. पहिल्याच वर्षी महामारी आली आणि जगभरच्या परिषदा बंद पडल्या. माणसांना एकत्र आणणे हेच ज्या संस्थेचे काम, तिच्यापुढे माणसांनी एकत्र यायचे नाही अशी वेळ उभी राहिली. मानाच्या अपेक्षेने आलेल्या व्यक्तीला असा काळ फार जड गेला असता.

या निवडणुकीची रीत समजून घेण्यासारखी आहे. तेथे कोणी थेट अध्यक्षपदासाठी उभा राहत नाही. नामनिर्देशन समिती पात्र व्यक्तींची नावे सुचविते, उमेदवार आपण काय करू इच्छितो ते लिहून सभासदांपुढे ठेवतो आणि सभासद मत देतात. जो निवडून येतो तो पहिले वर्ष उपाध्यक्ष, दुसरे वर्ष नियोजित अध्यक्ष, तिसरे वर्ष अध्यक्ष आणि चौथे वर्ष मावळता अध्यक्ष म्हणून काम करतो. चार वर्षांच्या श्रमांत अध्यक्षपद केवळ एका वर्षाचे. ऑप्टिकल सोसायटीतही हाच क्रम आहे.

आपल्या भाषेत 'उमेदवारी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. निवडणुकीस उभे राहणे हा आजचा रूढ अर्थ. परंतु आपल्या वाडवडिलांच्या तोंडी हा शब्द निराळ्या अर्थाने असे. कचेरीत किंवा वकिलाकडे पगाराविना राबून काम शिकणे, म्हणजे उमेदवारी करणे. आज आपण पहिल्या अर्थाला इतके सरावलो आहोत की दुसरा विसरून गेलो. वर सांगितलेल्या पद्धतीत मात्र हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मत मागणारा माणूस आधी दोन वर्षे शिकतो, मग एक वर्ष चालवितो आणि शेवटच्या वर्षी पुढच्याला हात देतो. उमेदवारी म्हणजे शिकण्याची तयारी जाहीर करणे, हा विचार मला आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

याविरुद्ध आपल्या मनावर झालेला संस्कार असा, की पद मागू नये. पद आपल्याकडे चालत यावे. हा संस्कार विनयातून आला असल्याने त्याची टवाळी मी करणार नाही. परंतु त्याचे परिणाम मी जवळून पाहिले आहेत. पदार्थविज्ञानाच्या अध्यापनात माझी हयात गेली. शिक्षकांच्या एका संघटनेत, जिचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही, प्रत्येक वेळी पदाधिकारी 'एकमताने' ठरत. सभेपूर्वी चारजण बसत आणि सभेत टाळ्या पडत. आमच्यातील एक भगिनी प्रयोगशाळेच्या कामात आम्हा सर्वांहून सरस होत्या. प्रात्यक्षिकांचा अभ्यासक्रम कसा सुधारावा, याचे टिपण त्यांच्याजवळ तयार असे. त्यांनी कधी पद मागितले नाही, कारण मागणे त्यांना शोभादायक वाटत नव्हते. आणि त्यांना कोणी विचारलेही नाही. त्या निवृत्त झाल्या आणि ते टिपण त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या विनयाचे मोल शेवटी विद्यार्थ्यांनी चुकविले.

याच्या शेजारी कॅनडाच्या डॉ. डोना स्ट्रिकलंड यांचे उदाहरण ठेवावेसे वाटते. १९८५ साली रॉचेस्टर येथे जेरार मूरू यांच्या हाताखाली विद्यार्थिनी असताना त्यांनी लेसरची शक्ती वाढविण्याची एक नवी युक्ती प्रसिद्ध केली. प्रखर स्पंद प्रवर्धकातून नेला तर प्रवर्धकाचीच हानी होते. म्हणून त्यांनी तो आधी काळात लांबविला, मग वाढविला आणि अखेरीस पुन्हा आखडून घेतला. किल्ल्याच्या दिंडी दरवाजातून जमाव एकदम घुसला तर दरवाजा मोडेल. तोच ओळीने आत सोडून पलीकडे पुन्हा एकत्र केला तर दरवाजाही राहतो आणि जमावही. या युक्तीबद्दल २०१८ साली मूरू आणि स्ट्रिकलंड यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९०३ साली मेरी क्यूरी, १९६३ साली मारिया गोपर्ट मायर आणि त्यानंतर स्ट्रिकलंड, अशा त्या पदार्थविज्ञानातील तिसऱ्या स्त्री मानकरी ठरल्या.

पारितोषिकाची वार्ता आली तेव्हा त्या वॉटर्लू विद्यापीठात सहयोगी प्राध्यापकच होत्या. लोकांनी आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा आपण वरच्या पदासाठी अर्जच केला नव्हता, असे त्यांनी साधेपणाने सांगितले. परंतु याच बाईंनी त्यापूर्वी ऑप्टिकल सोसायटीच्या नेतृत्वासाठी उभे राहण्याचे मान्य केले होते. २०११ साली त्या उपाध्यक्ष आणि २०१३ साली अध्यक्ष झाल्या. स्वतःच्या बढतीसाठी अर्ज न करणारी व्यक्ती संस्थेच्या कामासाठी मतदारांपुढे उभी राहते, यात मला विसंगती दिसत नाही. जे पद आपल्याला काही देते ते मागावयाचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. जे पद आपल्याकडून काही घेते, ते मागण्यात संकोच कसला? अर्थात बढती मागण्यातही गैर काही नाही, हे विद्यार्थिनींनी विशेष लक्षात ठेवावे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा, की सभा आणि ठराव यांत संशोधकाचा वेळ वाया जातो. तो खोटा नाही. परंतु ज्या संस्थांच्या आश्रयाने संशोधन वाढते, त्यांत कोणी तरी वेळ घातलेलाच असतो. रामन यांचेच पाहा. १९०७ साली ते कोलकात्यात सरकारी हिशेब खात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले. कचेरीपूर्वी आणि कचेरीनंतर ते जेथे प्रयोग करीत, ती 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली काढली होती. हिशेब खात्यातल्या एका तरुणासाठी तिचे दार उघडे होते, म्हणून १९२८ चा शोध झाला. रामन यांनीही १९१९ पासून तिचे सचिवपद सांभाळले. संस्थेने त्यांना घडविले आणि त्यांनी संस्थेला.

दुसरा आक्षेप सत्तेच्या मोहाचा. रामन यांनीच १९३४ साली बंगळुरात 'इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस' स्थापन केली आणि १९७० साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ३६ वर्षे, ते तिचे अध्यक्ष राहिले. त्यांच्या थोरवीविषयी शंका नाही. तरीही एका माणसाने एवढा काळ एकाच खुर्चीवर असावे काय, हा प्रश्न उरतोच. नेमलेल्या संचालकाची गोष्ट वेगळी. आपल्या देशातील लेसर संशोधनाचे एक धुरीण, मध्य प्रदेशातील सागर येथे जन्मलेले डॉ. दिलीप देवीदास भवाळकर, हे इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे संस्थापक संचालक होते. त्यांनी १९८७ ते २००३ या काळात ते केंद्र उभारले. प्रयोगशाळा, यंत्रे आणि माणसे शून्यातून जमवावयाची तर दीर्घ मुदत हवीच. व्यावसायिक संस्था मात्र सर्वांची असते. तेथे एका वर्षाची मुदत हेच मोहावर औषध आहे.

तिसरा आक्षेप निवडणुकीतील मतांच्या जुळवाजुळवीचा. मराठी वाचकाला तो समजावून सांगण्याची गरज नाही. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीने आपल्याला वर्षानुवर्षे चर्चेचा विषय पुरविला. अखेर २०१८ साली महामंडळाने मतदानाची पद्धत सोडली आणि जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनाला डॉ. अरुणा ढेरे या नव्या रीतीने निवडल्या गेलेल्या पहिल्या अध्यक्ष लाभल्या. निवड उत्तम झाली आणि साहित्याच्या उत्सवाला ही रीत शोभूनही दिसते. परंतु जेथे वर्षभर कारभार करावयाचा आहे, पैसा खर्च करावयाचा आहे आणि धोरण ठरवावयाचे आहे, तेथे उमेदवाराने आपला विचार आधी लिहून देणे आणि नंतर त्याचा जाब देणे हेच इष्ट. गुप्त मसलतीपेक्षा उघड मागणी अधिक प्रामाणिक असते.

असे नेतृत्व काय साधू शकते, याचेही एक उदाहरण देतो. जॉन डडली हे लेसर प्रकाशाचे संशोधक आणि युरोपियन फिजिकल सोसायटीचे माजी अध्यक्ष. प्रकाशासाठी एक आंतरराष्ट्रीय वर्ष पाळले जावे, या कल्पनेचा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. २० डिसेंबर २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ती मान्य केली, आणि २०१५ हे वर्ष आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष म्हणून जगभर साजरे झाले. त्यातूनच पुढे आंतरराष्ट्रीय प्रकाश दिन निघाला. मैमन यांच्या पहिल्या लेसरचा १६ मे हा दिवस २०१८ पासून त्यासाठी पाळला जातो. प्रयोगशाळेत एकट्याने बसून हे कार्य झाले नसते.

शेवटी आपल्या गावाकडे वळतो. अध्यक्षपद म्हणजे काय, याचा विचार या कल्याण नगरीत बाराव्या शतकात झालेला आहे. महात्मा बसवेश्वरांच्या अनुभव मंटपातील अध्यक्षाच्या आसनाला परंपरेने शून्य सिंहासन म्हटले आहे. बसवेश्वर बिज्जळाचे मंत्री होते, तरी ते स्वतः त्यावर बसले नाहीत. अल्लमप्रभू बसले, आणि त्यांच्यानंतर चन्नबसवण्णा व सिद्धराम, असे परंपरा सांगते. आसनाचे नावच 'शून्य' असल्याने त्यावर बसणाऱ्याला ते आपले म्हणण्याची सोय नव्हती. याच परंपरेत अक्कमहादेवींची कथा आहे. त्या कल्याणला आल्या तेव्हा अल्लमप्रभूंनी भर सभेत त्यांना कठोर प्रश्न विचारले. त्या मागे फिरल्या नाहीत. प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊन त्यांनी सभेत आपले स्थान मिळविले. उमेदवार म्हणजे प्रश्नांना सामोरा जाणारा, ही व्याख्या आपल्या मातीतच आहे. २०२१ साली येथे नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी झाली. त्या वास्तूबरोबर ही व्याख्याही आपण जपली पाहिजे.

शाळेला मी एक नम्र सूचना करतो. विज्ञान मंडळाचा चिटणीस गुरुजनांनी नेमण्याऐवजी विद्यार्थ्यांनी निवडावा. ज्याला किंवा जिला ते काम करावयाचे आहे, त्याने अर्धे पान लिहावे: वर्षभरात मी कोणते तीन प्रयोग करून दाखवीन, त्यांना साहित्य काय लागेल आणि ते कोठून आणीन. ते पान फळ्याशेजारी लावावे, इतरांनी प्रश्न विचारावेत आणि मग चिठ्ठीने मत द्यावे. निवडून आलेल्याने सहा महिने मावळत्या चिटणिसाबरोबर काम शिकावे, आणि वर्ष संपल्यावर पद सोडावे. हरलेल्याचे पानही फाडू नये. त्यातील प्रयोग चांगला असेल तर तोही करावा.

सीमाभागातील आपली मुले तीन भाषा बोलतात, पण भर सभेत 'हे काम मी करतो', 'हे काम मी करते' एवढे एक वाक्य उच्चारताना अडखळतात. अभ्यासात ती कोणाहून उणी नाहीत, हे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यावरून दिसतेच आहे. ते एक वाक्य त्यांना याच शाळेत, वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी उच्चारता यावे, आणि त्यानंतर येणाऱ्या प्रश्नांना उत्तर देण्याची त्यांची तयारी असावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.